किहान्सीचा तुषार-बेडूक: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये, म्हणजे तिथल्या प्राणिसंग्रहालयात, एका काचेच्या पेटीसमोर मी पाऊण तास उभी होते, त्याला आता बरीच वर्षं झाली. पण तेव्हापासून घरचे, ऑफिसमधले, मराठी मंडळातले, मुलीच्या मैत्रिणींच्या आया, सगळे मला त्या पिवळ्या बेडकाबद्दल काही ना काही विचारत असतात आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसते. म्हणून एकदाच सगळं इथे नीट लिहून काढलंय. मी शास्त्रज्ञ नाही, बेडकांचं वेड आहे एवढंच, पण जे लिहिलंय ते वाचून, तपासून लिहिलंय.

हा बेडूक नक्की कुठला?

टांझानियाचा, म्हणजे पूर्व आफ्रिकेतला. तिथे उडझुंग्वा नावाचे जुने, दाट जंगलाचे डोंगर आहेत, त्यातून किहान्सी नावाची नदी कड्यावरून दरीत कोसळते. ठोसेघरला किंवा आंबोलीला धबधब्यासमोर उभं राहिलं की दोन मिनिटांत चष्मा ओला होतो ना, तसे तुषार तिथे दिवसरात्र, बारा महिने उडत असायचे आणि त्या तुषारांनी भिजलेले उताराचे काही तुकडे होते, शेवाळ, नेच्यासारख्या वनस्पती आणि गवताची जाड गादी असलेले. हा बेडूक त्या गादीवर राहायचा. बाकी जगात कुठ्ठेही नाही. शेजारच्या दरीतसुद्धा नाही.

सगळे ओले तुकडे मिळून किती जागा होती सांगू? साधारण दोन हेक्टर. पाच एकर. आमच्या पाटणकडे एवढा एखाद्याचा मळा असतो. पृथ्वीवरच्या एका अख्ख्या जातीचं घर म्हणजे एक मळा, हे मला आजही पटकन पचत नाही.

बेडूक म्हणायचं की भेक?

काटेकोर बोलायचं तर भेक, म्हणजे इंग्रजीतला 'टोड', कारण तो त्या कुळातला आहे. पण घरात कोणी 'भेक' म्हणत नाही, सगळे बेडूकच म्हणतात, मीही तेच म्हणते. स्वाहिलीत बेडकाला 'चुरा' म्हणतात. शास्त्रीय नाव नेक्टोफ्रिनॉइडिस अ‍ॅस्परजिनिस, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा उगम लॅटिनमधल्या 'तुषार' या अर्थाच्या शब्दात आहे, म्हणून मी मराठीत तुषार-बेडूक म्हणायला लागले.

दिसतो कसा? फोटोत मोठा वाटतो.

फोटोत सगळेच मोठे वाटतात. मादी वाढून वाढून तीन सेंटिमीटरच्या आत, नर त्याहून लहान, दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या नखावर नर आरामात बसेल. रंग मोहरीच्या फुलासारखा पिवळा.

मी पेटीत पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आधी काही दिसलंच नाही, नुसतं शेवाळ, पानं आणि वरून बारीक धुक्यासारखं पाणी. मग एक पान हललं आणि लक्षात आलं की ते पान नाहीये, आणि मग एकदम पाच, दहा, वीस दिसायला लागले, सगळीकडे. एक मादी काचेला चिकटून बसली होती, पोट माझ्याकडे करून, आणि तिच्या पोटाची कातडी इतकी पातळ की आत काळपट ठिपके दिसत होते. ती तिची पिल्लं होती. मी मोजायचा प्रयत्न केला, सात की आठ, नीट जमलं नाही कारण ती सरकली. त्या दिवशी मुलगी कंटाळून माझी ओढणी ओढत होती तरी मला तिथून हलवेना.

म्हणजे बेडूक अंडी न घालता पिल्लं देतो? हे खरंय?

अगदी खरंय, आणि सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो. आपण शाळेत शिकलो ते चक्र, पाण्यात अंडी, मग शेपटीवाली डिंबकं, मग पाय, मग बेडूक, ते इथे बाहेर घडतच नाही, सगळं आईच्या पोटात होतं. अंडी आत, वाढ आत, आणि जन्माला येतो तो थेट चार पायांचा पूर्ण बेडूक, पाच मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. एका वेळी साधारण पाच ते दहा-बारा. जन्मतः ती पिवळी नसतात, गडद असतात.

बेडकांच्या हजारो जातींमध्ये असं करणाऱ्या अगदी मोजक्या आहेत. या बेडकाची सगळी भावंडं, म्हणजे त्याच्या वंशातल्या सगळ्या जाती, टांझानियातल्याच आहेत. विचार केला तर लॉजिक कळतं, धबधब्याच्या उतारावर डबकं कुठून आणणार, अंडी घातली तर वाहून जातील, त्यापेक्षा पोटातच सांभाळलेली बरी. आता या सवयीचा उगम तिथेच झाला असं मी म्हणत नाही, कारण त्याची भावंडं धबधब्यापासून लांब जंगलातही राहतात, पण इथे ती सवय कामाला आली हे नक्की.

एवढ्या आवाजात एकमेकांचं ऐकू कसं येतं?

याच्या डोक्यावर बाहेरून दिसणारा कानाचा पडदा नसतो, तरी नर आवाज काढतात, आणि त्या आवाजातले काही सूर इतके उंच असतात की माणसाला ऐकूच येत नाहीत. मी पेटीसमोर कान लावून उभी होते, मला फक्त पंपाची घरघर ऐकू आली.

तो सापडला कधी?

१९९६ मध्ये. इथूनच खरं दुखणं सुरू होतं, म्हणून नीट वाचा. किहान्सीवर वीजप्रकल्प मंजूर झालेला होता, बांधकाम सुरू झालेलं होतं, आणि त्यानंतर दरीत काय काय जगतं याची पाहणी करायला लोक उतरले. दार-ए-सलाम विद्यापीठाचे किम हॉवेल आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांना तिथे हा पिवळा बेडूक दिसला. पुढे दोन-तीन वर्षांत त्याचं रीतसर वर्णन छापून आलं, नाव मिळालं.

म्हणजे बघा, धरणाची पाहणी झाली नसती तर तो सापडलाच नसता, आणि पाहणी वेळेत झाली असती तर कदाचित धरणाचा आराखडाच वेगळा निघाला असता. दोन्ही खरं आहे. मला राग येतो तो या उलट्या क्रमाचा. आधी दरीत उतरून बघायचं असतं आणि मग आराखडा काढायचा असतो. त्याच दरीत नंतर कॉफीची एक रानटी जातसुद्धा मिळाली जी फक्त तिथलीच आहे, म्हणजे एवढ्याशा जागेत अजून काय काय असेल कोण जाणे.

धरणाच्या पाण्यात बुडाला का मग?

नाही! सगळ्यांना हेच वाटतं, कारण आपल्याला धरण म्हटलं की बुडीत गावं आठवतात. माझ्या आजीचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलं, त्यामुळे आमच्या घरात धरण म्हणजे पाणी वाढणं असंच डोक्यात बसलेलं. इथे उलटं झालं. पाणी वाढलं नाही, आटलं.

कोयनेचं उदाहरण समजून घ्यायला बरं आहे. कोयनेचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीकडे सोडतात, उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर जमिनीखालची टर्बाइन्स फिरतात. किहान्सीलाही तीच कल्पना. वर फक्त २५ मीटर उंचीचं छोटं धरण, तिथून पाणी बोगद्यात, साडेआठशे मीटरच्या आसपास खाली, जमिनीखाली वीजघर, ६० मेगावॅटची तीन टर्बाइन्स म्हणजे १८० मेगावॅट. इंजिनिअरिंग म्हणून बघितलं तर सुंदर प्रकल्प आहे, बुडीत क्षेत्र नगण्य, त्यामुळे कागदावर तो पर्यावरणाला फार बरा वाटत होता आणि जागतिक बँकेसकट बऱ्याच संस्थांनी पैसे दिले.

फक्त एक गोष्ट, बोगद्यात गेलेलं पाणी कड्यावरून पडत नाही. २००० च्या सुमाराला नदीचं जवळजवळ ९० टक्के पाणी वळवलं गेलं. धबधबा म्हणजे एक बारीक धार उरली, तुषार थांबले, शेवाळाची गादी वाळली आणि कोरड्या जागेत वाढणारं तण घुसायला लागलं. बेडकाला कोणी मारलं नाही, हात लावला नाही. त्याच्या घरातली हवाच बंद केली.

मग कोणी काहीच केलं नाही का?

केलं, आणि मनापासून केलं, हे सांगायलाच हवं. दोन गोष्टी झाल्या.

एक, २००० च्या डिसेंबरमध्ये ४९९ बेडूक पकडून विमानाने अमेरिकेत नेले, ब्राँक्स झूमध्ये, आणि तिथून आणखी काही प्राणिसंग्रहालयांत वाटले.

दोन, दरीत स्प्रिंकलर बसवले. हो, स्प्रिंकलर, आपल्याकडे भुईमुगाला लावतात तसं तुषार सिंचन, वरून पाइपाने पाणी आणायचं, पंप नाही, उताराच्या दाबावरच चालणारं, आणि ओल्या तुकड्यांवर बारीक फवारा सोडायचा. माझ्या मामाकडे शेतात स्प्रिंकलर आहेत, त्याला हे सांगितलं तर तो आधी म्हणाला चेष्टा करतेस का, आणि मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला, नोझल चोंदत असतील गं त्यांच्या, रोज कोण साफ करत असेल. मला तो प्रश्न फार आवडला. कारण धबधब्याला नोझल नसते, त्याला कोणी साफ करायला लागत नाही, आणि आता एका जातीचं जगणं कोणीतरी रोज उठून पाइप बघण्यावर येऊन ठेपलं होतं.

आणि उपाय लागू पडला! गादी पुन्हा हिरवी झाली, बेडूक वाढले. जून २००३ च्या मोजणीत अंदाज जवळजवळ १८ हजारांचा निघाला.

मग २००३ मध्ये एकदम काय झालं?

जूनमध्ये १८ हजार. जानेवारी २००४ मध्ये शोध घेतला तेव्हा दिसले तीन.

मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटलं की छपाईची चूक आहे. नव्हती. त्यानंतर थोड्याच काळात दिसणं पूर्ण बंद झालं आणि २००९ मध्ये आययूसीएनने, म्हणजे निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, त्याला 'रानातून नामशेष' असं जाहीर केलं, म्हणजे फक्त माणसाच्या पिंजऱ्यात जिवंत.

कारण काय यावर अजून वाद आहे. मेलेल्या बेडकांच्या कातडीवर काइट्रिड बुरशी सापडली, तो मुख्य संशयित. दुसरं म्हणजे त्याच सुमाराला धरणाची खालची दारं उघडून साचलेला गाळ सोडला गेला, वरच्या भागातल्या मक्याच्या शेतांतून आलेली कीटकनाशकं त्या गाळात होती, त्यात एंडोसल्फानसुद्धा. केरळातल्या कासरगोडच्या विषबाधेमुळे हे नाव आपल्याला चांगलंच माहीत आहे, भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. माझं स्वतःचं मत विचाराल तर एकाच कारणावर बोट ठेवायचा हट्ट नको. आधीच आजारी माणसाला सर्दीसुद्धा झेपत नाही, तसंच हे. जो प्राणी स्प्रिंकलरवर जगतोय, ज्याची सगळी संख्या पाच एकरात कोंबलेली आहे, त्याला एक धक्का बसला की सगळ्यांनाच बसतो, पळून जायला दुसरी दरी नाही.

काइट्रिड म्हणजे काय? माणसाला होतं का?

माणसाला होत नाही. ही पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारी बुरशी आहे, बेडकांच्या कातडीत घुसते. बेडूक कातडीतून पाणी घेतो, क्षार आत-बाहेर करतो, काही प्रमाणात श्वासही घेतो, त्यामुळे कातडी बिघडली की रक्तातले क्षार बिघडतात आणि शेवटी हृदय बंद पडतं. १९९८-९९ मध्ये ती ओळखली गेली, पण तोवर ती जगभर पोचली होती, आणि त्यात प्राण्यांच्या व्यापाराचा मोठा हात होता. २०१९ मध्ये झालेल्या एका जागतिक आढाव्यात असा हिशोब निघाला की हिच्यामुळे ५०१ उभयचर जाती घटल्या आणि त्यातल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या. एका रोगाने एवढं नुकसान केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

अमेरिकेत नेलेले तरी नीट जगले का?

सुरुवातीला नाही, फार वाईट हाल झाले. ४९९ पैकी बहुतेक मेले. काय खातात, किती प्रकाश लागतो, कुठलं पाणी चालतं, काहीच माहीत नव्हतं, जात सापडूनच चार वर्षं झालेली. फुप्फुसात जंत झाले, पोषण कमी पडलं. बऱ्याच प्राणिसंग्रहालयांतले सगळे गेले आणि २००४ च्या आसपास सगळ्या जगात मिळून शंभरसुद्धा उरले नव्हते. रानात शून्य आणि पेट्यांत शंभराच्या आत, त्या दिवसांत ज्यांच्याकडे किल्ल्या होत्या त्यांना रात्री झोप कशी लागत असेल.

पण ब्राँक्स आणि टोलेडो, या अमेरिकेतल्याच दोन प्राणिसंग्रहालयांतल्या लोकांनी ते जमवलं. गाळून गाळून शुद्ध केलेलं पाणी, ठरावीक वेळाने फवारा, अल्ट्राव्हायोलेट दिवे, जीवनसत्त्वांची पूड लावलेले अगदी बारीक किडे. बारीक म्हणजे किती, तर नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या तोंडात मावतील असे, टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे, फळमाश्या, मातीतले उड्या मारणारे सूक्ष्म किडे. हे किडेसुद्धा रोज वाढवावे लागतात, म्हणजे बेडूक पाळायचे तर आधी किड्यांची शेती करा. हळूहळू संख्या वाढत हजारोंच्या घरात गेली.

परत सोडले का मग?

सोडले. २०१० मध्ये १०० बेडूक टांझानियाला परत गेले, दार-ए-सलाम विद्यापीठात त्यांच्यासाठी खास जागा केली होती आणि सांभाळायला तिथलेच लोक तयार केले होते. मग २०१२ च्या अखेरीला दरीत सोडायला सुरुवात झाली, साधारण दोन हजार. रानातून नामशेष ठरलेला उभयचर प्राणी पुन्हा त्याच्या मूळ जागी सोडायची ही जगातली पहिलीच वेळ होती.

त्यानंतरही पुन्हा पुन्हा सोडले. पण 'झालं, वाचला' असं मी लिहिणार नाही, २०१५ च्या तपासणीतही दर्जा 'रानातून नामशेष' हाच ठेवला गेला. बुरशी तिथेच आहे, नदी बोगद्यातच आहे आणि तुषार पाइपातूनच येतायत.

शेवटी वीज महत्त्वाची की बेडूक?

हा प्रश्न मला जरा चिडूनच विचारतात, बहुतेक काका मंडळी. मी चिडत नाही. टांझानियात तेव्हा फार थोड्या घरांत वीज होती आणि किहान्सीतून देशाच्या विजेचा मोठा वाटा यायचा. दवाखान्यातला फ्रीज, पोराचा अभ्यास, पिठाची गिरणी, हे सगळं त्या पाण्यावर. न्यू जर्सीत हीटर लावून बसून त्यांना वीज सोडा म्हणायचा मला काहीच अधिकार नाही, आणि मी म्हणतही नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. असा प्रश्न विचारायची वेळच येऊ नये यासाठी जे काम असतं ते आधी झालं नाही. नदीत किती पाणी सोडलं तर तुषार टिकतील, वर्षातल्या कुठल्या महिन्यांत किती, हे बोगदा खणायच्या आधी मोजता आलं असतं. नंतर मोजलं तेव्हा प्रत्येक थेंब म्हणजे बुडालेली वीज असा हिशोब झाला आणि बेडूक सगळ्यांना अडथळा वाटायला लागला. नंतर पाइप, विमान, प्रयोगशाळा, दोन देशांतले पगार, यावर जो खर्च झाला तोही कोणीतरी भरलाच ना.

एवढासा बेडूक गेला तर काय बिघडतं?

खरं सांगू? तुमचं-माझं काही बिघडणार नाही. दुधाचा भाव वाढणार नाही. लोक याला साखळीबिखळीचं उत्तर देतात, मला तसं ओढूनताणून सांगायला आवडत नाही. मी फक्त एवढं सांगते की ती काचेवर बसलेली मादी मी बघितलीय, पोटात सात-आठ पिल्लं घेऊन बसलेली, आणि तिच्या जातीला तिथवर यायला लाखो वर्षं लागली असतील. रानातून ती नाहीशी व्हायला सात महिने पुरले.

आपल्या सह्याद्रीत असं काही आहे का?

आहे ना, म्हणूनच तर लिहितेय. कोयनेचा स्वतःचा भेक आहे, १९६३ मध्ये त्याला नाव मिळालं, म्हणजे धरणाचं काम संपत आलेलं त्याच सुमाराला. त्याचाच भाऊबंद आंबोलीचा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, तो तर २००९ मध्ये वेगळी जात म्हणून नोंदला गेला. हे दोघेही जांभ्या दगडाच्या सड्यावर, पहिल्या पावसात साचलेल्या वाटीभर पाण्यात अंडी घालतात. सडा म्हणजे आपल्या लेखी पडीक जमीन, 'तिथे काय आहे, नुसता दगड', असं म्हणून खाणीला किंवा रिसॉर्टला देऊन टाकतात. आणि काइट्रिड बुरशी आपल्याकडेही आहे बरं का, उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर ती सापडल्याचं २०१३ मध्ये छापून आलंय. आपल्याकडे अजून किहान्सीसारखी पडझड झालेली नाही, पण म्हणून डोळे मिटून बसायचं कारण नाही.

पावसाळ्यात आंबोलीला रात्री बेडूक बघायला जातोय. काय काळजी घेऊ?

जा, नक्की जा. फक्त एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना बूट चिखल काढून धुवा आणि पूर्ण वाळवा, ही बुरशी कोरडेपणात मरते. बेडूक हातात घेऊ नका, फोटोसाठीसुद्धा नाही. घाटात रात्री गाडी अगदी हळू चालवा, पहिल्या पावसात ते शेकड्यांनी रस्त्यावर असतात. सड्यावर चालताना वाटीएवढ्या डबक्यात पाय टाकू नका, त्यात अंडी असू शकतात. बाकी टॉर्च आणि छत्री.

पेटीत जन्मलेल्या बेडकांना धबधबा ओळखीचा वाटत असेल का?

हा प्रश्न माझ्या मुलीचा, ती तेव्हा सहा वर्षांची होती, परतीच्या ट्रेनमध्ये विचारलेला. मी म्हटलं, नाही गं बाळा, त्यांनी कधी बघितलाच नाही, त्यांच्या आईने नाही, आजीनेसुद्धा नाही. मग ती म्हणाली, पण पाणी तर ओळखीचं असेल. मी म्हटलं हो, बारीक फवारा जन्मापासून अंगावर घेतलेला आहे, तेवढं नक्की ओळखीचं असेल.